रापणीचा हात

रापण ओढणाऱ्याचा हात दुखतो,
ह्यात सांगण्यासारखं काय?
देवबागात ज्याचा हात दुखत नाही
त्याला आम्ही विचारतो, कामावर नाही गेलास?

म्हणून त्या सकाळी दोर टाकून हे घरी आले
डावा हात उजव्यात धरून,
कुणाचं मूल सांभाळायला आणावं तसा,
तेव्हा मी खोबरेल कोमट करत ठेवलं.

"छातीत दुखता?"
"दुखणा नाय. कोणतरी वर बसल्यासारख्या वाटता."
कोण बसतलो तुमच्यावर, म्हणून मी हसले.
तेही मोजायला हवं.

तेल चोळलं, आठ मिनिटं.
ओवा, हिंग, पादेलोण, पाच.
सोड्याच्या बाटलीला पोर पिटाळला,
दुकानात सुटे नव्हते, नऊ.
जबडा दुखतो म्हणाले, तर मी
तोंडात टॉर्च मारून दाढ बघत बसले.
ती किती, ठाऊक नाही.

घाम मात्र वेगळा होता.
एकतीस वर्षं ह्यांचे शर्ट मी धुते,
उन्हाचा घाम मला वासावरून कळतो.
हा गार होता,
पहाटे होडीच्या काठाला हात लागावा तसा.
मला कळलं.
कळलं, आणि तरी मी
मीठमोहऱ्या ओवाळायला उठले.

गडग्यापलीकडे बावतीस माडांना पाणी लावत होता.
सात वर्षं बोलणं नव्हतं,
गडग्यावरच्या एका माडाचे नारळ कुणाचे, ह्यावरून.
त्याने ओटीवर ह्यांना बघितलं,
पाईप तसाच वाहता टाकला
आणि गडगा ओलांडून आला.
"आमचो पास्कू गॅस गॅस म्हणानच गेलो,"
एवढंच बोलला. रिक्षा काढायला वळला.

मी म्हटलं, साडी बदलते. नको म्हणाला.
हे म्हणाले, चालत येतो. त्यालाही नको.
खुर्चीसकट उचललं दोघांनी.
माझ्या पायात एकच चप्पल.

देवबागला रस्ता एकच,
इकडे कर्ली नदी, तिकडे समुद्र,
मधे पर्यटकांच्या गाड्या, स्कूबाच्या पाट्या.
तारकर्ली मागे पडेपर्यंत
बावतीसचा अंगठा हॉर्नवर होता.

मालवणच्या सरकारी दवाखान्यात
डॉक्टरीण माझ्या धाकटीच्या वयाची.
गोळी दिली. "चावा. गिळू नका."
छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली,
आम्ही फाटलेलं जाळं चाचपतो तशी
बोटाने वाचत गेली.
एका जागी बोट थांबलं.
"कधीपासून?"
खोटं सांगावंसं वाटलं.
पाऊण तास, म्हटलं. जास्तच.
ती रागावली नाही.
रागावली असती तर मला हलकं वाटलं असतं.
मग गुठळीवरचं इंजेक्शन, मग एकशेआठची गाडी,
मग ओरोस.

हे आहेत.
दोर ओढत नाहीत. वाळूत बसून वाटे मोजतात,
मोजण्यात चुकतात, वर भांडतात.

गेल्या मार्गशीर्षात, तिन्हीसांजेला,
बांगडे साफ करताना माझ्याच पाठीत आलं,
दोन पात्यांच्या मधोमध.
मळमळ. उठताना दम.
छातीत काहीच नाही, म्हणजे पित्तच,
आमसुलाचं पाणी ओठांपर्यंत नेलं होतं.
मानेवरून हात फिरवला.
गार.
पेला ठेवला, बांगडे मांजराला सोडले,
गडग्याशी जाऊन हाक मारली.

पट्टी चांगली निघाली.
रक्त दोनदा तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं,
काही नव्हतं.
गावभर झालं होतं, मला लाज वाटली.
डॉक्टरीण म्हणाली, "पुन्हा वाटलं तर पुन्हा या.
फुकट आलेलं मला आवडतं."

परतीचं भाडं बावतीसने पूर्ण घेतलं,
वरचे दहा रुपयेसुद्धा.
माडाचं अजून मिटलेलं नाही.